यादीत नाव नसलेलं कार्ड

‘द सिम्स २’ हा गेम कॉम्प्युटरवर जिथे बसवलेला असतो, त्या फोल्डरमध्ये बरंच खोल गेलं की साध्या मजकुराच्या दोन फायली सापडतात. नोटपॅडमध्ये उघडल्या तर सरळ वाचता येतात. एकीचं नाव ‘व्हिडिओ कार्ड्स’, दुसरीचं ‘ग्राफिक्स रूल्स’. पहिलीत ग्राफिक्स कार्डांची यादी आहे: कंपनी कोणती, तिचा क्रमांक काय, कार्डाचा क्रमांक काय, नाव काय. दुसरीत नियम आहेत: अमुक कार्ड असेल तर सावल्या दाखवा, तमुक असेल तर पाण्यातलं प्रतिबिंब बंद ठेवा, काहीच कळलं नाही तर हे धरून चाला. वीस वर्षांपूर्वीचा हा गेम आजच्या तगड्या कॉम्प्युटरवर रडतखडत का चालतो, याचं निम्मं उत्तर या दोन फायलींत आहे.

ज्यांनी हे खेळ कधी पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. ‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा खेळ रचणाऱ्या विल राइट यांचं कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं घर १९९१ च्या वणव्यात जळून गेलं. घर नव्यानं मांडताना माणसाला नेमकं काय लागतं, कशाच्या आधी काय लागतं, याचा त्यांना विचार करावा लागला आणि त्यातून पुढे एका वेगळ्याच खेळाची कल्पना आकाराला आली. ‘द सिम्स’ फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आला. त्यात जिंकायचं काही नाही. एक घर, त्यात राहणारी माणसं, त्यांची भूक, झोप, नोकरी, भांडणं. पहिल्या खेळात माणसं तेवढी त्रिमितीत होती. घरातलं सामान आधीच रंगवून ठेवलेल्या चित्रांचं होतं आणि कॅमेरा ठरलेल्या कोनांतूनच पाहायचा. सप्टेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘द सिम्स २’ मध्ये सगळंच त्रिमितीत आलं. माणसं म्हातारी होऊ लागली, मरू लागली, त्यांच्या मुलांची नाकं आणि डोळे आईबापांवर जाऊ लागले.

एका खेळाडूनं सांभाळलेलं घराणं पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतं, म्हणून या खेळाला वय होत नाही. प्लेझंटव्ह्यूमधून गायब झालेल्या बेला गॉथचं काय झालं, यावर लोक अजून वाद घालतात. व्हेरोनाव्हिलमधली कॅप आणि माँटी ही घराणी शेक्सपियरच्या नाटकातून उचललेली आहेत हे ओळखणाऱ्यांना आजही तितकीच मजा येते. ‘द सिम्स ३’ २००९ मध्ये आला, ‘द सिम्स ४’ २०१४ मध्ये. तरी दुसऱ्या भागाला चिकटून बसलेले लोक हटले नाहीत. माझ्या मते ते बरोबरच आहेत. लहानसहान हावभावांचं जे बारीक काम त्या खेळात आहे, ते पुढच्या भागांत कधी पूर्ण सापडलं नाही.

आता हा खेळ आजच्या मशीनवर बसवला तर काय होतं? आठ, बारा किंवा चोवीस जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड असतं आणि गेम ८०० बाय ६०० च्या आकारात उघडतो. जास्त मोठा आकार निवडायला गेलं तर पर्यायच दिसत नाहीत. कडा गुळगुळीत करण्याची सोय राखाडी होऊन बसलेली असते. माणसांच्या पायाखाली मऊ सावलीऐवजी काळा चौकोन सरकत राहतो. आणि तासाभरानं भिंती, सोफे, कधी चक्क माणसं गुलाबी होऊन लुकलुकू लागतात. नवं कार्ड घेणाऱ्याला वाटतं कार्डच सदोष निघालं. कार्ड धडधाकट असतं. गेमनं त्याला ओळखलेलं नसतं.

गेम सुरू होताना कार्डाला दोन क्रमांक विचारतो. एक कंपनीचा, एक त्या विशिष्ट चिपचा. कंपनीचे क्रमांक सगळ्या जगात ठरलेले आहेत: एनव्हिडियाचा १०डीई, पूर्वीच्या एटीआयचा आणि आताच्या एएमडीचा १००२, आणि इंटेलचा ८०८६. इंटेलनं स्वतःच्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडाच इथे घेतला, ही चिप बनवणाऱ्यांची गंमत. हे दोन क्रमांक घेऊन गेम आपली यादी चाळतो. सापडलं तर त्या नावापुढचे नियम लागू. नाही सापडलं तर कार्ड अनोळखी, आणि अनोळखी कार्डाला जपून वागवायचं. सोसायटीच्या गेटवर २००८ ची वही घेऊन बसलेल्या वॉचमनसारखा हा प्रकार आहे. वहीत नाव नसलेला माणूस त्याच सोसायटीचा चेअरमन असला तरी बाहेर उभा.

२००८ म्हणायचं कारण असं, की या गेमचा शेवटचा जोडभाग नोव्हेंबर २००८ मध्ये आला. मधल्या काळात आठ मोठे विस्तार आणि वस्तूंचे कितीतरी लहान संच निघाले. खेळ वाढत होता तोवर यादी ताजी ठेवण्याला कारण होतं. तो थांबला, यादीही जवळपास तिथेच थांबली. त्यानंतरची प्रत्येक नवी चिप या खेळाच्या लेखी अज्ञात.

यावर पहिली प्रतिक्रिया अशी होते की बनवणाऱ्यांनी आळस केला. कार्डाचं नाव विचारण्याऐवजी ‘तुला काय काय येतं’ असं विचारायचं होतं! पण २००४ चा बाजार आठवून पाहिला तर त्यांच्यावर दया येते. त्या वेळी नावावरून कुवत कळत नव्हती, आणि विचारून कळण्याचीही खात्री नव्हती. एनव्हिडियाचं ‘जीफोर्स ४ एमएक्स’ हे कार्ड घ्या. नावात ४ होता, पण ‘जीफोर्स ३’ मध्ये असलेले प्रोग्राम करता येण्याजोगे शेडर त्यात नव्हते. शेडर म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग, चमक, सावली ठरवणारा छोटा प्रोग्राम. तो नसेल तर पाण्याची लकाकी येणार कुठून? उलट ‘जीफोर्स एफएक्स ५२००’ हे स्वस्त कार्ड ‘मला डायरेक्टएक्स ९ चे शेडर येतात’ असं खरंखरं सांगायचं. येत होते, पण इतके सावकाश, की चालू केले तर खेळ रांगायला लागायचा. खरं बोलणाऱ्यावरही विश्वास ठेवता येत नव्हता, अशी ही परिस्थिती.

डायरेक्टएक्स म्हणजे गेम आणि कार्ड यांच्यामधली मायक्रोसॉफ्टची बोलण्याची पद्धत. तिच्या नवव्या आवृत्तीपर्यंत प्रत्येक कार्ड आपल्या क्षमतांची लांबलचक कबुली द्यायचं: हे येतं, ते येत नाही, ते अर्धंच येतं. त्या कबुलीजबाबाच्या प्रत्येक रकान्यात पळवाटा होत्या. २००६ च्या अखेरीस विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या दहाव्या आवृत्तीनं ही पद्धत जवळपास मोडूनच टाकली. दहावीचं नाव लावायचं असेल तर सगळं आलंच पाहिजे, असा नियम झाला. ‘द सिम्स २’ त्या शिस्तीच्या आधीचा. म्हणून त्याच्या लेखकांनी बाजारातली कार्डं एकेक करून तपासली आणि निष्कर्ष फायलीत लिहून ठेवले. काम किचकट होतं, पण त्या दिवसांत तेच शहाणपणाचं होतं.

त्यातही इंटेलच्या मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सला वेगळी वागणूक होती. आपल्याकडच्या वाचकांना हा मुद्दा जवळचा वाटेल. त्या काळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेल्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड ही चैन होती. ८४५ किंवा ८६५ मालिकेचा इंटेलचा बोर्ड आणि त्यातच असलेलं ‘एक्स्ट्रीम ग्राफिक्स’ यावर भागायचं. नाव एक्स्ट्रीम, पण आकृतीचे कोन आणि प्रकाश मोजण्याचं हिशेबाचं काम त्याला स्वतः करता येत नव्हतं, ते मुख्य प्रोसेसरवर पडायचं. गेमच्या खोक्यावर किमान ३२ एमबीचं, हे काम स्वतः करणारं कार्ड मागितलेलं असायचं. ते नसेल तर प्रोसेसर बराच जास्त वेगाचा हवा, अशी अट. म्हणजे ‘इंटेल’ हे नाव दिसताच हात आखडता घेणारे नियम तेव्हा रास्त होते. आजच्या लॅपटॉपमधलं इंटेलचं ग्राफिक्स त्या काळच्या सर्वात महागड्या कार्डाला सहज मागे टाकतं, तरी कंपनीचा क्रमांक तोच असल्यामुळे जुन्या संशयाचा फटका त्यालाही बसू शकतो.

आता त्या ३२ एमबीकडे वळू. नियमांच्या फायलीत एक छोटी तरतूद आहे: कार्डाची टेक्श्चर मेमरी किती ते समजलंच नाही, तर ३२ एमबी धरावी. टेक्श्चर म्हणजे वस्तूवर चढवलेलं चित्र. सोफ्याचं कापड, भिंतीचा रंग, माणसाची त्वचा, सगळं त्यात आलं. २००४ मध्ये ३२ हा आकडा सुरक्षित होता, कारण त्याहून कमी मेमरीच्या मशीनवर खेळ विकलाच जात नव्हता. आजच्या कार्डांची मेमरी मोजताना जुन्या गेमची गफलत होते. यात आकड्यांचाही दोष आहे. डायरेक्टएक्स ९ मध्ये उपलब्ध मेमरी बाइटमध्ये सांगितली जाते आणि तो आकडा ३२ बिटांत लिहायचा असतो. ३२ बिटांत जास्तीत जास्त ४२९ कोटी मावतात, म्हणजे ४ जीबी. चोवीस जीबीच्या कार्डाला आपली खरी ऐपत या पद्धतीत सांगताच येत नाही.

गेमला कार्डाबद्दल काय वाटतं हे पाहायचं असेल तर तो स्वतःच लिहून ठेवतो. ‘डॉक्युमेंट्स’मध्ये गेमच्या फोल्डरात ‘लॉग्ज’ असतं, तिथे कॉन्फिग लॉग नावाची फाइल असते. कार्डाचं ड्रायव्हरनं सांगितलेलं नाव, गेमच्या यादीतलं नाव, दोन्ही क्रमांक, टेक्श्चर मेमरी किती धरली, शेडर कोणत्या दर्जाचे, हे सगळं तिथे मिळतं. ‘द सिम्स ३’ मध्ये याच कामाची ‘डिव्हाइस कॉन्फिग’ नावाची फाइल आहे, आणि अनोळखी कार्ड असेल तर तिच्यात ३२ एमबीचा आकडा स्पष्ट दिसतो, शेजारी तो वरून लादल्याची खूणही. कुठलाही उपाय करण्याआधी ही फाइल वाचावी. बहुतेक लोक ते सोडून आधी ड्रायव्हर बदलतात, मग विंडोज पुन्हा टाकतात, मग कार्ड परत करायला दुकानात जातात.

उपाय साधा आहे. यादीच्या फायलीत आपल्या कंपनीच्या भागात आपल्या कार्डाचा क्रमांक आणि नाव अशी एक ओळ घालायची. नियमांच्या फायलीत मेमरीचा आकडा हातानं लिहायचा आणि स्क्रीनच्या आकाराची जी कमाल मर्यादा लिहिलेली आहे ती आपल्या मॉनिटरला साजेशी वाढवायची. अडचण एवढीच, की जितके विस्तार बसवले असतील तितक्या या फायलींच्या प्रती असतात आणि चालतं फक्त शेवटच्या विस्ताराचं. सगळे भाग एकत्र असलेल्या ‘अल्टिमेट कलेक्शन’मध्ये खरा चालणारा प्रोग्राम ‘फन विथ पेट्स’ या फोल्डरातल्या ‘एसपी ९’ नावाच्या कप्प्यात दडलेला आहे. ‘कुत्र्यामांजरांसोबत मजा’ या नावाखाली अख्ख्या खेळाचं हृदय असेल, हे कोणाच्या डोक्यात येणार? कितीतरी जण तासन्‌तास चुकीची प्रत दुरुस्त करत बसले. पुढे एका खेळाडूनं ‘ग्राफिक्स रूल्स मेकर’ नावाचा प्रोग्राम लिहून ही कटकट मिटवली. तो कार्ड ओळखतो, योग्य फायली शोधतो आणि आकडे भरून देतो.

एवढं केलं की स्क्रीनचा आकार सुधारतो, कडा गुळगुळीत होतात. फोर-के मॉनिटरवर खालची बटणं मुंगीएवढी होतात, कारण त्या काळी बटणं पडद्याच्या प्रमाणात वाढवायची पद्धत नव्हती, पण ते चालवून घेता येतं. गुलाबी भिंती मात्र कधी कधी तरीही परत येतात.

इथे खरी गंमत सुरू होते. गुलाबी रंग म्हणजे गेमचा ‘या वस्तूचं चित्र मला मिळालं नाही’ असा इशारा. मोठा प्लॉट, त्यावर गर्दी, नेटवरून उतरवलेले शेकडो कपडे आणि केशरचना, एकामागोमाग एक घरांच्या भेटी. चित्रं साठत जातात आणि एका क्षणी जागा संपते. खेळाडू टास्क मॅनेजर उघडतो तर कार्डावर वीस जीबी रिकामी. मग संपलं काय?

संपलेली असते ती पत्त्यांची जागा. ‘द सिम्स २’ हा ३२ बिटांचा प्रोग्राम आहे. मेमरीतली प्रत्येक जागा दाखवायला त्याच्याकडे ३२ बिटांचा क्रमांक असतो, म्हणून ४ जीबीच्या पलीकडची जागा त्याला दाखवताच येत नाही, मशीनमध्ये कितीही रॅम असो. त्यातही विंडोजच्या जुन्या रिवाजाप्रमाणे निम्मे पत्ते प्रणालीसाठी राखून ठेवलेले. प्रोग्रामच्या वाट्याला २ जीबी. यात गेमचा सगळा पसारा मावायचा: माणसं, घरं, आवाज, आणि चित्रांच्या प्रती. होय, प्रती. डायरेक्टएक्स ९ च्या काळात कार्डावरचं चित्र कधीही पुसलं जायची शक्यता असे. खेळाडूनं दुसऱ्या खिडकीत जायचा अवकाश, कार्ड हातचं जायचं. म्हणून कार्डावर पाठवलेल्या चित्राची एक प्रत मुख्य मेमरीत ठेवायची सोय केलेली होती आणि बरेच गेम तिच्यावरच विसंबून असत. म्हणजे कार्डावर चढणारं चित्र त्या दोन जीबीतलाही वाटा खातं. कार्ड जितकं मोठं तितकी जास्त चित्रं कार्डावर मावतील हे खरं, पण त्यांच्या प्रती ठेवायला घर तेवढंच.

यातून थोडी सुटका आहे. प्रोग्रामच्या फाइलच्या सुरुवातीला एक खूण असते. ती असेल तर ६४ बिटांची विंडोज त्या प्रोग्रामला दोनाऐवजी चारही जीबीचे पत्ते वापरू देते. मूळ ‘द सिम्स २’ मध्ये ती खूण नव्हती. खेळाडू तिला ‘४ जीबी पॅच’ म्हणतात. पॅच कसला, एका बिटाची दुरुस्ती आहे ती. शून्याचा एक केला की घर दुप्पट. या सगळ्या प्रकरणात एवढ्या कमी खर्चात एवढा फायदा दुसरा नाही.

‘द सिम्स ३’ ची कथा वेगळ्या वळणाची. त्यात पूर्ण गाव एकाच वेळी चालू असतं. तुमचं कुटुंब घरात जेवत असताना गावातल्या इतर सगळ्यांचीही लग्नं, नोकऱ्या, भांडणं सुरूच. २००९ च्या मानानं ही झेप मोठी होती, आणि त्याची किंमत प्रोसेसर अजून मोजतोय. कोण कुठून कुठे चालत जाणार याचे मार्ग शोधण्यात त्याचा दम निघतो. एखादा माणूस नावेत किंवा कुंपणात अडकला की त्याची वाट शोधण्यातच गेम अडखळतो. अशा वेळी नवं ग्राफिक्स कार्ड घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. जुनं घराणं, सगळे विस्तार आणि भरगच्च गाव असं त्रिकूट जमलं की ४ जीबीची मर्यादा इथेही गाठली जाते, आणि खेळ जतन करताना ‘एरर १२’ येतो. पुष्कळ घराण्यांचा शेवट त्या दोन आकड्यांत झालेला आहे. तो टाळायचा तर दर वेळी गेम बंद करून नव्यानं उघडणं आणि थोड्या थोड्या वेळानं जतन करणं, याहून थोर युक्ती नाही.

या तिसऱ्या भागाला शक्तीचं अजीर्णही होतं. सेकंदाला किती चित्रं काढायची याला गेममध्ये आवर नाही. २००९ मध्ये गरजच नव्हती, साठ निघाली तरी मिळवलं. आजचं कार्ड मेनूच्या स्थिर पडद्यावर सेकंदाला शेकडो, कधी त्याहून जास्त चित्रं काढत बसतं. मॉनिटर त्यातली साठ किंवा एकशेचव्वेचाळीस दाखवणार, बाकी सगळी वाया. कार्ड मात्र तापतं, पंखे घोंघावतात आणि वीज जाते. हा दोष एकट्या सिम्सचा नाही. २०१० मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ च्या मेनूत नेमकं असंच होऊन कार्डं तापल्याच्या तक्रारी आल्या, आणि कंपनीनं चित्रांचा वेग बांधून ठेवणाऱ्या दोन ओळी सेटिंगच्या फाइलमध्ये लिहायला सांगितलं. सिम्स ३ साठी हा लगाम कार्डाच्या ड्रायव्हरमधून घालावा लागतो. मॉनिटरचा जो वेग तोच कमाल वेग, असं ठरवून दिलं की खोली शांत होते.

आणि ग्राफिक्सपुरतंच हे थांबत नाही. २०२१ च्या अखेरीस इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यांत मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे गाभे होते. ते पाहून सिम्स ३ उघडेचना. कोणातरी खेळाडूनंच त्यावरचा पॅच लिहिला.

एक रस्ता मात्र असा आहे, जिथे गेमशी वाद न घालता त्याला गोड बोलून फसवता येतं. २०१७-१८ च्या सुमारास फिलिप रेबोले या जर्मन प्रोग्रामरला ‘नीअर: ऑटोमाटा’ हा विंडोजचा गेम लिनक्सवर खेळायचा होता. त्यासाठी त्यांनी ‘डीएक्सव्हीके’ नावाचा दुभाष्या लिहिला. गेम डायरेक्टएक्समध्ये बोलतो, हा ते ऐकून व्हल्कन या नव्या भाषेत कार्डाला सांगतो. व्हॉल्व्ह कंपनीनं हे काम उचलून धरलं आणि विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या, २०१८ मध्ये आलेल्या तिच्या ‘प्रोटॉन’मध्ये ते वापरलं. त्या वेळी त्याला डायरेक्टएक्स ९ कळत नव्हतं. ते काम जोशुआ अ‍ॅश्टन यांनी वेगळ्या प्रकल्पात केलं आणि २०१९ च्या डिसेंबरात दोन्ही एकत्र झाले. सिम्सच्या जुन्या भागांना तेव्हा एकदम नवा दरवाजा उघडला.

यातली विशेष गोष्ट अशी, की लिनक्ससाठी लिहिलेला हा दुभाष्या लोक विंडोजवरच वापरू लागले. गेमच्या प्रोग्रामशेजारी त्याची एक फाइल ठेवली की विंडोज आपल्या स्वतःच्या डायरेक्टएक्सऐवजी तीच उचलते, कारण आधी शेजारी पाहायचं हा तिचा शिरस्ता. फाइल ३२ बिटांची हवी. ६४ बिटांची ठेवून ‘चालत नाही’ म्हणणारे बरेच. कार्डालाही व्हल्कनची बऱ्यापैकी नवी आवृत्ती यायला हवी. ज्यांचं कार्ड अगदी जुनं आहे त्यांना हा उपाय लागू नाही, पण त्यांचं कार्ड बहुधा यादीत असतंच.

डीएक्सव्हीकेचे दोन गुण इथे कामाचे. ३२ बिटांच्या प्रोग्रामसाठी चित्रांच्या प्रती सतत पत्त्यांच्या जागेत पसरून न ठेवता, लागत नसतील तेव्हा तो त्या बाजूला करतो. त्यामुळे कोंडलेल्या दोन किंवा चार जीबीत मोकळी जागा उरते आणि गुलाबी भिंती लक्षणीय कमी होतात. दुसरा गुण मला जास्त आवडतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कंपनीचा आणि कार्डाचा खोटा क्रमांक लिहिण्याची सोय आहे. तुमचं कार्ड कालपरवा बाजारात आलेलं असो, गेमला सांगता येतं की हे २००६ सालचं अमुक कार्ड आहे. गेम वही उघडतो, नाव सापडतं, तो समाधानानं सगळे दरवाजे उघडतो. मेमरी किती आहे म्हणून सांगायचं, वेग किती ठेवायचा, हेही तिथेच लिहिता येतं.

बड्या कंपन्यांनाही याच रस्त्यानं यावं लागलं, याचं एक उदाहरण आहे. २०२२ मध्ये इंटेलनं ‘आर्क’ ही स्वतंत्र ग्राफिक्स कार्डं आणली. त्यात डायरेक्टएक्स ९ ला थेट आधार दिलाच नव्हता. मायक्रोसॉफ्टनं लिहिलेला एक दुभाष्या ते बाराव्या आवृत्तीत बदलून देईल, असा हिशेब होता. नवे गेम बरे चालले, जुने अडखळले. परीक्षण करणाऱ्यांनी ते लगेच पकडलं. काही महिन्यांत नव्या ड्रायव्हरनं जुन्या गेमांचा वेग खूप सुधारला, आणि त्या सुधारणेत काही खेळांसाठी डीएक्सव्हीकेचा हात होता, हे इंटेलनंही मान्य केलं. एका माणसानं स्वतःच्या आवडीच्या गेमसाठी लिहिलेलं काम चिप बनवणाऱ्या महाकाय कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये जाऊन बसलं.

मूळ प्रकाशकाचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचं, या काळात काय चाललं होतं? जुलै २०१४ मध्ये त्यांनी ‘अल्टिमेट कलेक्शन’ काही दिवसांसाठी फुकट वाटलं. त्यानंतर विंडोजसाठी हा गेम डिजिटल दुकानात विकत मिळेनासा झाला. जुन्या चकत्या होत्या त्यांची वेगळीच पंचाईत: नक्कल रोखण्यासाठी त्यांच्यावर असलेलं ‘सेफडिस्क’ विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेच्या कारणानं चालू द्यायचं बंद केलं, म्हणजे पैसे मोजून घेतलेली अस्सल चकती तेवढी निकामी. नकलीवाल्यांना काहीच फरक पडला नाही. अखेर ३१ जानेवारी २०२५ ला, पहिल्या खेळाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या निमित्तानं, पहिले दोन्ही भाग ‘लेगसी कलेक्शन’ म्हणून पुन्हा विक्रीला आले. पहिल्या काही दिवसांत अचानक बंद पडण्याच्या भरपूर तक्रारी आल्या, मग दुरुस्त्या आल्या. आयकियाच्या फर्निचरचा संच त्यात नाही. गेम विकत मिळायला लागला हेच मोठं. पण जुन्या फायली हातानं दुरुस्त करणाऱ्यांचं काम त्यानं संपवलं, असं म्हणायला मी धजणार नाही.

मॅककडे मात्र पाहण्यासारखं आहे. अ‍ॅपलनं २०१९ च्या ‘कॅटालिना’ या मॅक प्रणालीपासून ३२ बिटांचे सगळे प्रोग्राम बंद करून टाकले. जुन्या गेमांच्या चाहत्यांनी तेव्हा आरडाओरडा केला, आणि तो रास्त होता, कारण कितीतरी खेळ एका रात्रीत मेले. पण ‘द सिम्स ३’ विकत राहायचा तर प्रकाशकाला दुसरा इलाज उरला नाही. २०२० मध्ये त्यांनी मॅकसाठी तो ६४ बिटांत नव्यानं बांधून दिला, अ‍ॅपलच्या मेटल या नव्या ग्राफिक्स पद्धतीवर. ४ जीबीची भिंत तिथे नाही. विंडोजनं कोणालाच दाराबाहेर काढलं नाही, तिच्यावर जुना ३२ बिटांचा प्रोग्राम कसाबसा चालत राहिला, आणि चालतोय तर पुन्हा कशाला बांधा, असा विचार झाला असावा. विंडोजवरच्या सिम्स ३ मध्ये घराणं खूप वाढलं की एरर १२ आजही येतो.